सुभेदारांच्या अंगठ्याचं नख

नखाच्या रिपोर्टसाठी आमच्या काउंटरवर आजवर कुणी भांडलेलं नाही. शुगरचा रिपोर्ट अर्धा तास उशिरा मिळाला तर माणसं आमचा उद्धार करतात, पण नखाचा रिपोर्ट महिनाभर पडून राहिला तरी साधा फोन येत नाही. नखच तर आहे, असं सगळ्यांना वाटतं. मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर म्हणून ही लॅब चालवते, आणि आमच्याकडंही नखांचं टेबल म्हणजे नव्या मुलीला हात बसावा म्हणून द्यायचं काम होतं. संयोगिता आली, तिला रिवाजाप्रमाणं ते टेबल दिलं, आणि तिनं ते पुन्हा कुणाला दिलंच नाही.

ती वडूजकडची. जिरायती रान, ज्वारी आणि हरभरा, पाऊस आला तर आला. कराडला राहून शिकली. मुलाखतीला आली तेव्हा केसांना चापूनचोपून तेल लावलेलं आणि हातात प्लास्टिकची फाइल. एवढे विषय सोडून बुरशीच का घेतलीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "ओळखीची हाय म्हणून." मग जीभ चावून तिनं "आहे" असं दुरुस्त केलं. हरभऱ्याला मर लागली की तिचे वडील वाळलेलं झाड उपटायचे, खोड नखानं उभं चिरायचे आणि आतली काळपट रेघ पोरांना दाखवायचे. त्या रेघेतल्या बुरशीचं नाव फ्युजेरियम, हे तिला कॉलेजात कळलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे विळ्यासारखे वाकडे बीजाणू पहिल्यांदा दिसले तेव्हा तिनं म्हणे घरी फोन करून सांगितलं होतं. वडिलांनी विचारलं, मग औषध काय? 

दिसायला साधी, बोलायला कमी, आणि कामात इतकी चिवट की कधी कधी मला तिचा राग यायचा. नखाचं काम तसं सोपं दिसतं. नख खरवडायचं, तो भुगा पोटॅशमध्ये भिजवायचा, विरघळला की भिंगाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघायचं. उरलेला भुगा नळीतल्या खाद्यावर पेरायचा आणि काय उगवतं त्याची वाट बघायची. घोटाळा इथंच असतो. नेहमीची नखाची बुरशी उगवली तर प्रश्न नाही. पण आमच्या भागातल्या माणसाच्या नखात रानच असतं. मातीतली, शेणातली, पाल्यातली कुठलीही बुरशी नुसती चिकटून येते आणि नळीत थाटात वाढते. तिला आजार म्हणायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. धागे नखाच्या आत दिसले पाहिजेत, आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या नमुन्यातही तीच बुरशी आली पाहिजे. एरवी ती पाहुणी.

संयोगिता या नियमाला घट्ट धरून होती. डॉक्टर लोक वैतागायचे, पेशंट कंटाळायचे, ही दुसरा नमुना मागायची. त्यातूनच तिला ती विचित्र नखं सापडली. हळद शिजवणाऱ्या एका बाईची नखं पिवळी होती आणि हळदच ती, म्हणून कुणी बघितली नव्हती. एका द्राक्षबागायतदाराचं नख काळं पडलं होतं, मार लागला असेल म्हणून त्यानं दोन वर्षं काढली. दोघांच्याही नखात वेगळ्याच, क्वचित दिसणाऱ्या बुरश्या निघाल्या. संयोगितानं कधी फुशारकी मारली नाही. नळ्या जपून ठेवल्या, एवढंच.

इस्लामपूरजवळच्या एका गावात तिला दिली. बागायती घर, उसाचं रान, नवरा वीरधवल सैन्यात. सासरे लालासाहेब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि सासू बनुबाई. सुनेनं नोकरी करावी हा सुभेदारांचा आग्रह होता. रोज सकाळी ते तिला मोटारसायकलवरून एसटी स्टँडला सोडायचे आणि गाडी सुटेपर्यंत ताठ उभे राहायचे. मी एकदा तिला म्हणाले, तुझी काय मानवंदना असते का रोज? ती हसली. "मामा तसेच हायत, म्याडम."

पण घरात पदर होता. सासरे ओट्यावर आले की तिच्या डोक्यावरून पदर यायचा. ते खाकरून आत यायचे, ती बाजूला व्हायची. थेट बोलणं कामापुरतं, बाकी सगळं सासूच्या तोंडून. आमच्या सांगलीतल्या घरात सासरेच सुनेला चहा करून देतात, तेव्हा मला हे ऐकून हसू यायचं आणि रागही यायचा. तिला त्यात काही जाच वाटत नव्हता, हेही खरं. सासरा मान राखतो आणि आपणही राखायचा, असं तिचं सरळ होतं. सणावाराला ती त्यांच्या पाया पडायची तेव्हा त्यांच्या पायांत मोजे असायचे. सुभेदार उन्हाळ्यातही मोजे घालायचे. सैन्यातली सवय असेल, असं सगळ्यांना वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात सुभेदार थकायला लागले. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, साध्या धक्क्यानं अंगावर काळेनिळे डाग पडू लागले. मिरजेला दाखवलं आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, केमो लवकर सुरू करायला हवी, पण त्या औषधानं पांढऱ्या पेशी संपतात आणि मग अंगात कुठं बारीकसं काही दडलेलं असलं तरी ते सगळीकडं पसरू शकतं. दात, जखम, गळू, नख, काही असेल तर आत्ताच सांगा. सुभेदार म्हणाले, "काय न्हाई साहेब. एकदम फिट."

घरी आल्यावर बनुबाईंनी भाकरी थापता थापता सुनेला सांगितलं की त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख बरीच वर्षं खराब आहे. उसाला पाणी पाजताना चिखलात उभं राहून राहून जाड झालंय, पांढरट पिवळं, खालून भुगा पडतो. "लाजत्यात त्ये. म्हून मोजं." हे ऐकून हातातलं ताट तसंच राहिलं, असं संयोगितानं मला नंतर सांगितलं. सगळ्या जिल्ह्याची नखं बघणारी बाई, आणि घरातल्या नखावर मोजा चढवलेला.

पहिला नमुना सुभेदारांनी स्वतःच दिला. नखाचं टोक कापलं, कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधली आणि बनुबाईंच्या हाती सुनेला पोचवली. टोकात सहसा काही नसतं, रोग असतो मुळाशी. पोटॅशमध्ये काही दिसलं नाही. पण काही दिवसांनी दोनपैकी एका नळीत पांढरा कापूस फुलला, खालून फिकट जांभळा. तिनं स्लाइड केली, बघितली आणि माझ्यासाठी खुर्ची सोडून उठली. विळ्यासारखे बीजाणू होते. फ्युजेरियम.

"पाहुणी असेल," मी म्हणाले. "उसाच्या रानातला माणूस."

"असंल," ती म्हणाली. "आणि नसली तर?"

नसली तर काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. धडधाकट माणसाच्या नखात ही बुरशी जन्मभर राहिली तरी तो मरत नाही. पांढऱ्या पेशी संपलेल्या माणसाच्या नखातून ती रक्तात उतरते, आणि उतरली की फारसे लोक वाचत नाहीत. केमोच्या आधी नक्की कळलं, तर नख काढून टाकता येतं आणि बुरशीचं औषध आधीच सुरू करता येतं. मिरजेच्या डॉक्टरांशी मीच बोलले. तेही शहाणे गृहस्थ. म्हणाले, कॅन्सर थांबणार नाही, नुसत्या शंकेवर मी या औषधांत आणखी एक जड औषध घालणार नाही, मला पक्कं सांगा, मी ऐकतो. दुसरा नमुना हवा होता, नीट मुळापासून खरवडलेला. सगळं त्याच्यावर येऊन ठेपलं.

संयोगितानं सासूकरवी निरोप दिला. नख कापायचं नाही, कसलं मलम लावायचं नाही, तसंच यायचं.

सुभेदार आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. बनुबाई बरोबर होत्या. चेहरा पिवळा पडला होता, तरी खुर्चीत ताठ बसले. संयोगिता ब्लेड आणि काळा कागद घेऊन पुढं झाली, तसे त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"सूनबाय, तू न्हाई."

"मामा, माझं कामच हाय त्ये."

"काम असंल. घरची लक्ष्मी हायस तू. लक्ष्मीच्या हातात पाय द्यायचा व्हय?"

मी पुढं झाले. माझं वय बघून तरी ऐकतील असं वाटलं. त्यांनी मलाच हात जोडले. "आवं बाई, तुमी तर डाक्टर, त्यात बामणाच्या. तुमच्या हातात पाय दिऊन मला खालच्या नरकात जायचं न्हाई. गडीमाणूस न्हाई का कोन?"

गडीमाणूस होता. धैर्यशील, आमचा रक्ताचे नमुने घेणारा, हाताला हलका आणि नखाच्या कामात कच्चा. सुभेदार त्याला लगेच तयार झाले. पण सुनेसमोर मोजा काढायला तयार होईनात. संयोगितानं पदर सावरला आणि ती बाहेर बाकावर जाऊन बसली. मलाही फोन आला म्हणून मी माझ्या खोलीत गेले. धैर्यशीलनं त्याला जमेल तसं खरवडलं.

मी परत आले तेव्हा सुभेदार मोजा चढवत होते. धैर्यशील पुडी बांधत म्हणाला, "म्याडम, नख एकदम साफ होतं. खाली खरवडायला काय सापडलंच न्हाई फारसं." बनुबाई कौतुकानं हसल्या.

त्या भुग्यात काही दिसलं नाही. नळ्यांत काही उगवलं नाही. नमुन्यात बुरशी आढळली नाही, असा रिपोर्ट मी सही करून पाठवला, शंका असल्यास पुन्हा नमुना पाठवावा ही आमची नेहमीची ओळ खाली होती. ती ओळ कोण वाचतं? सुभेदारांनी म्हणे गावात सगळ्यांना सांगितलं, रिपोर्ट क्लीन आला. मिरजेत केमोची तारीख ठरली.

संयोगिताला चैन पडेना. दोन्ही नळ्या ती पुनःपुन्हा बघत होती. "म्याडम, इतकी वर्षं खराब नख. खाली भुगा पडतोय म्हणत होत्या आत्या. मग गेला कुठं तो भुगा?" मी म्हणाले, जाऊन विचार की त्यांना. ती विचारत नव्हती, कारण सासऱ्याच्या पायाबद्दल सासूला खोदून विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी विचारलं. तोवर केमोचा पहिला दिवस होऊन गेला होता.

बनुबाईंनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय, असं त्यांना वाटतच नव्हतं. लॅबला यायच्या आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा पाय कोमट पाण्यात भिजत घातला होता. वजरीनं टाच घासली. नख कापायचं नाही, ही सुनेची सूचना त्यांनी पाळली. कापलं नाहीच. पिनेनं खालची सगळी घाण टोकरून काढली, वरचं जाडपण कानशीनं घासून पातळ केलं, डेटॉलच्या पाण्यानं दोनदा धुतलं. लोकांच्या हातात पाय द्यायचा, तर तो घाणेरडा कसा द्यायचा? सुभेदारांनीच सांगितलं होतं, इन्स्पेक्शन हाय म्हण उद्या. आम्हाला ज्या भुग्याची गरज होती तो मोरीतून वाहून गेला होता.

हे मला सांगताना संयोगिता रडली नाही. मीच टेबलावर हात आपटला. मला सगळ्यांचा राग आला, त्या पदराचा, त्या मोज्यांचा, त्या इन्स्पेक्शनचा. "तुम्ही लोक ना," एवढं म्हणून मी थांबले, कारण पुढचं बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नमुना ताबडतोब घ्या, आणि हवं तर आत्ताच या.

त्या दुपारी ती एकटी गेली. काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. सुभेदार खाटेवर पडून होते, हाताला सलाइन. तिनं पडदा ओढला, पायाशी स्टूल घेतलं आणि मोज्याला हात घातला. ते म्हणाले, सूनबाय, न्हाई. ती म्हणाली, "मामा, डोळं झाका तुमी. मी कोन न्हाई आत्ता." मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"हात जोडलं होतं त्यांनी, म्याडम," संयोगिता म्हणाली. "मी खरवडत होते तवर हात जोडून पडलं होतं. मला वाटलं दुखतंय. विचारलं तर मान हलवली नुसती."

तिनं पार मुळापर्यंत जाऊन खरवडलं होतं. बनुबाईंची पिन तिथवर पोचली नव्हती. पोटॅशची स्लाइड आम्ही दोघींनी मिळून बघितली. जिथं भिंग न्यावं तिथं धागे. मला आठवतंय, मी भिंगावरून डोळा काढला तेव्हा ती नळ्यांवर नाव लिहीत होती, आणि अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. दोन्ही नळ्यांत पांढरा कापूस आला, खालून जांभळा. आता कुणाला पाहुणी म्हणायची सोय नव्हती.

औषध धाग्यांच्या रिपोर्टवरच सुरू झालं होतं. पण पेशी तोवर उतरल्या होत्या. रक्त गोठत नव्हतं, त्यामुळं नख काढता येईना. ताप आला, तो कशानं हटला नाही. मग मांड्यांवर आणि दंडावर काळपट डाग उठले. मिरजेहून त्यांच्या रक्ताची बाटली तपासायला आमच्याकडं आली आणि तिच्यातही तीच बुरशी वाढली. तो रिपोर्ट संयोगितानंच तयार केला. दुसऱ्या कुणाला दे, असं मी म्हणाले होते. तिनं ऐकलं नाही. वीरधवल सीमेवरून निघाला तो शेवटच्या सकाळी पोचला, आणि बापानं त्याला ओळखलं, एवढंच समाधान.

आधी कळलं असतं तर सुभेदार वाचले असते का? कॅन्सर होताच, वय होतं, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ही वाट तरी बंद करता आली असती. त्या माणसानं आयुष्यभर कुणापुढं मळका पाय ठेवला नाही, आणि त्यातच गेला. मला अजून त्याचा राग येतो आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटतं.

सुतकाच्या दिवसांत मी भेटायला गेले. ओट्यावर पुरुष बसले होते, आतल्या सोप्यात बायका. बनुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळं. शेजारी संयोगिता, डोक्यावर पदर, खाली मान. मी जाऊन टेकले. बनुबाईंनी माझा हात धरला आणि भोवतीच्या बायकांना सांगितलं, ह्या सुनेच्या डाक्टरीणबाई. मग माझ्याकडं वळून बोलायला लागल्या. बोलण्यात रडू नव्हतं, उलट जरा उत्साहच होता.

"लय टापटिपीचा मानूस, बाई. शेवटपातूर तसाच. माज्या हातनं काय झालं न्हाई त्यांचं, समदं त्यांनीच केलं माजं. पर येक केलं मी. तुमच्याकडं आनलं न्हवं का त्यास्नी, तवा आदल्या दिशी बसून पाय असा साफ केला, असा साफ केला, नखाखाली कनभर घान ठिवली न्हाई. म्हनलं, चार लोकांत माज्या मालकाची मान खाली जाया नगं. तुमी बघितला असशीला की."

मी काय बोलणार होते, मला आजही माहीत नाही. तोंड उघडलं होतं, हे खरं. संयोगितानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मग ती सासूकडं वळली.

"व्हय आत्या," ती म्हणाली. "तसा पाय आमच्याकडं कवाच कुनाचा आला न्हवता."

बनुबाईंनी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात दारातून आणखी दोन बायका आत आल्या, तशा त्या सरसावून बसल्या आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागल्या.